दहाच्या ठोक्याला

३० एप्रिल २०२३. पुण्यात राजा बहादूर मिलच्या आवारात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम ऐन रंगात होता. दहा वाजून गेले होते. शेवटचं गाणं चालू असताना एक पोलीस अधिकारी मंचावर आले आणि त्यांनी वेळ संपल्याची खूण केली. कार्यक्रम थांबला. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ शहरभर फिरत होता. आमच्या ग्रुपवर दोन तट पडले. निम्म्या जणांना तो कलाकाराचा अपमान वाटला, निम्मे म्हणाले, नियम रहमानलाही आहे आणि आमच्या गल्लीतल्या मंडळालाही. मी कुठल्याच बाजूला नव्हते. माझ्या डोक्यात घोळत होतं ते वेगळंच. मी आजवर उघड्यावर जे जे ऐकलं, मग तो ख्याल असो की गिटार, ते सगळं दहाच्या आत बसवलेलं होतं. आमच्या पिढीचे कान कुणी घडवले असं विचारलं तर गुरू, रेडिओ, यूट्यूब यांच्या बरोबरीने या घड्याळाचंही नाव घ्यावं लागेल.

हा दहाचा आकडा आला कुठून? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा ही त्यांनी ‘रात्र’ ठरवली. या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सभागृहासारख्या बंदिस्त जागांना मात्र सूट. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र, तिथे मर्यादा आणखी कडक. पुढे या नियमांत एक खिडकी उघडली गेली. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं उचलून धरलं.

त्या निकालामागची एक याचिका वाचली तेव्हा माझी ‘काय कटकट आहे’ ही भाषा जरा उतरली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारी वाजणाऱ्या लाउडस्पीकरमुळे तिच्या हाका कुणाच्या कानी पडल्या नाहीत, या घटनेकडे त्या याचिकेने बोट दाखवलं होतं. म्हणजे हा नियम काही संगीतावर खार खाऊन कुणी केलेला नाही. पण पाणी अडवलं की ते वाट बदलतं, तसं झालं, आणि सगळ्यात मोठी वाट बदलली ती सवाई गंधर्व महोत्सवाने, म्हणजे ‘सवाई’ने.

माझे आजोबा शनिवार पेठेत राहायचे. रमणबाग शाळेचं पटांगण घरापासून पायी पाच मिनिटांवर. त्यांच्या सांगण्यात ‘सवाई’ म्हणजे तीन रात्री. स्वेटर, कानटोपी, चादर, थर्मास आणि पहाटे पहाटे भीमसेन जोशी. तिथून उजाडता उजाडता घरी, आंघोळ करून थेट कचेरीत. भीमसेनांनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव. गुरू आदल्या वर्षी गेले होते. पुढे २०११ साली स्वतः भीमसेनही गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव जोडलं गेलं. मी जायला लागले तोपर्यंत रात्रीची जागा दुपारने घेतली होती. आता डिसेंबरातले पाच दिवस, दुपारी तीन-चारला सुरुवात, दहाला समाप्ती. पंधरा दिवसांच्या सवलतीतला एखादा दिवस, बहुधा शनिवार, बारापर्यंत मिळतो. २०१८ पासून जागाही बदलली, रमणबागेतून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात.

आजोबांच्या दृष्टीने ही सगळी पडझडच. मी बरीच वर्षं त्यांचं ऐकून हळहळत आले. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की ते ज्याबद्दल कधीच बोलत नाहीत असं काहीतरी मी ऐकते आहे.

हिंदुस्थानी संगीतात रागाला वेळ असते. दिवसरात्रीचे आठ प्रहर आणि त्यांना नेमून दिलेले राग. विष्णु नारायण भातखंडे यांनी याची पद्धतशीर मांडणी केली. सकाळी भैरव, तोडी; दुपारी सारंगाचे प्रकार, मग भीमपलास, पटदीप, मुलतानी; सूर्य मावळताना मारवा, पूरिया, श्री; दिवेलागणीनंतर यमन, भूप; पुढे बिहाग, बागेश्री; मध्यरात्रीकडे मालकंस, दरबारी; आणि उजाडायच्या आधी सोहनी, ललत. वेळेचा आणि स्वरांचा खरोखर काही नैसर्गिक संबंध आहे का, यावर वाद घालणारे घालतात. कर्नाटक संगीतात हे बंधन असं पाळलं जात नाही आणि तिथे काही बिघडलेलं नाही. पण आपल्याकडचे बहुतेक गायक-वादक ही वेळ पाळतात आणि आपले कान त्या सवयीवर पोसलेले आहेत.

आता हिशोब करा. रात्री सुरू होऊन पहाटे संपणाऱ्या महोत्सवात दुपारचे राग येणार कुठून? आजोबांच्या पिढीने मालकंस, दरबारी, ललत भरभरून ऐकले. पण मुलतानी त्यांना महोत्सवात कितीसा मिळाला असेल? तो रेडिओवर किंवा एखाद्या रविवार दुपारच्या घरगुती बैठकीत. मला तो मंडपात, हजारो माणसांबरोबर, नेमक्या वेळी मिळाला. त्यात एक गंमत आहे. मुलतानीत रिषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. आरोहात रिषभ आणि धैवत टाळतात. भातखंड्यांनी त्याला परमेलप्रवेशक म्हटलं, म्हणजे दुपारच्या रागांतून संध्याकाळच्या रागांच्या अंगणात नेऊन सोडणारा. पुस्तकात हे वाचताना परीक्षेचं टिपण वाटतं. डिसेंबरातल्या पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि पाच वाजता मुलतानी संपून पुढचा कलाकार मारवा किंवा श्री घेऊन बसला की ते टिपण आपोआप कळतं. मारव्यात पंचम नाही, कोमल रिषभ षड्जाला टेकायला तयार नाही; मंडपाच्या कडेच्या कनातीतून दिसणारा उजेड तेवढ्यात राखाडी होत असतो. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘तू ललत ऐक, मग बोल.’’ बरोबर आहे त्यांचं. पण माझंही चूक नाही.

गेलं काय, तेही सांगायला हवं. पहिली गेली ती ऐसपैस बढत. पाच दिवसांत भरपूर कलाकार बसवायचे आणि दहाला पडदा पाडायचा, तर प्रत्येकाच्या वाट्याला मोजका वेळ येतो. बडा ख्याल विलंबित लयीत उलगडायला लागतो, एकेका स्वराला थांबून न्याहाळतो, आणि तेवढ्यात समोरच्या घड्याळाकडे गायकाची नजर जाते. मग छोटा ख्याल, एखादा तराणा, श्रोत्यांतून अभंगाची फर्माईश. दरबारीतल्या गंधार-धैवताच्या आंदोलनाला सावकाशी लागते. तो राग सव्वानऊला घेऊन दहाला गुंडाळणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच, म्हणून बरेच जण त्याच्या वाटेलाच जात नाहीत. मालकंस मात्र नऊलाही लागतो. कुणी कुरकुर करत नाही, कारण दुसरा पर्याय काय?

उलट पहाटेचे राग उघड्या मंडपातून जवळजवळ हद्दपार झाले. ललत, भटियार, रामकली हे माझ्या वयाच्या किती जणांनी समोर बसून ऐकले असतील? दिवाळी पहाट आहे, पण तिथे भावगीतं, नाट्यगीतं आणि अभंगांचाच वरचष्मा असतो. नवी साडी, उटण्याचा वास, फराळ, आणि अर्धं लक्ष फोटोंकडे. एखाद्या गायिकेने ललतचा विलंबित ख्याल लावलाच तर मागच्या रांगांत चुळबुळ सुरू होते. (मागच्या रांगेत मीही बसलेली असते, हे कबूल.)

भैरवीची गोष्टच निराळी. राग सकाळचा, पण मैफलीचा शेवट तिनेच करायचा हा रिवाज. रात्रभराची मैफल सकाळी संपायची, म्हणून भैरवी शेवटी, असं जुने जाणकार सांगतात. मैफली दहाला संपायला लागल्या तरी भैरवी जागची हलली नाही. ‘सवाई’त तर अगदी शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका लावतात. रात्रीचे दहा आणि सकाळचा राग. नियमाने सगळं सरकवलं, हे एवढं सरकवता आलं नाही.

आणखी एक गोष्ट आजोबांच्या आठवणींत कधी येत नाही, ती आजीच्या आठवणींत येते. त्या तीन रात्री आजी घरी असायची. तिलाही गाणं कळत होतं, ती लग्नाआधी पेटी शिकली होती. पण रात्रभर बाहेर बसणं तिच्या पिढीतल्या किती जणींना जमलं असेल? मी आणि माझी मैत्रीण दुपारी जातो, भारतीय बैठकीत पुढे जागा धरतो, मध्ये वडापाव खाऊन येतो, दहाला बाहेर पडतो आणि शेवटच्या बसने नाहीतर रिक्षाने घरी. आई जागी असते, पण चिंतेत नसते. ध्वनिप्रदूषणाचे नियम करणाऱ्यांच्या मनात हे नक्कीच नव्हतं. परिणाम मात्र झाला. मंडपात तरुण मुली किती दिसतात ते एकदा मान वळवून पाहा.

आता जरा दुसऱ्या मांडवात. माझं अर्धं मन ड्रम्सपाशी असतं, त्यामुळे एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० मध्ये ज्या शहरात सुरू झाला तिथे वाढल्याचा मला अभिमान आहे. रॉकला मात्र प्रहर नसतात. दहाच्या नियमाने रॉकचं नुकसान झालं ते वेळेपेक्षा जागेच्या बाबतीत. मुंबईत धोबी तलावाला रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. तिथे जॅझ यात्रा झाली, इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाने केस वाढवलेल्या पोरांच्या पिढ्या जमवल्या. पण एका बाजूला सेंट झेवियर्स कॉलेज, आसपास रुग्णालयं आणि न्यायालय, म्हणजे शंभर मीटरच्या शांतता क्षेत्राचा नमुनाच. रंगभवनातला आवाज बंद झाला. शहराच्या मधोमध, लोकलने उतरून चालत जावं अशी जागा गेली, आणि मैफली कडेकडेच्या मैदानांवर, लॉन्सवर, स्टेडियममध्ये गेल्या. तिकीट महागलं, गाडीभाडं वाढलं. वीस वर्षांच्या मुलाच्या खिशाला हे दहाच्या नियमापेक्षा जास्त टोचतं.

कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले, १८, १९ आणि २१ तारखेला. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. आमच्या जागा अर्थातच स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या टोकाला. तिथे बसल्यावर एक साधी गोष्ट कळते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंच दीडशे मीटरवर असेल तर गायकाचे ओठ मोठ्या पडद्यावर हलतात आणि शब्द जवळजवळ अर्ध्या सेकंदाने पोचतो. म्हणून मैदानाच्या मध्यावर स्पीकरचे आणखी मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे मंचाकडून येणारा आवाज आणि मनोऱ्याचा आवाज कानात एकत्र पडतात. हे गणित चुकलं की टाळ्या दोनदा ऐकू येतात. प्रेक्षकांच्या मनगटावरच्या दिव्यांच्या पट्ट्यांना अंधार लागतो, आणि जानेवारीत तो साडेसहानंतर मिळतोच. दहाच्या आत भरपूर वेळ. हाच खेळ लंडनच्या जूनमध्ये करायचा तर सूर्य नऊनंतर मावळतो.

तिकडेही घड्याळ आहेच. १४ जुलै २०१२ ला हाइड पार्कमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकाच मंचावर होते आणि ठरलेली वेळ उलटली म्हणून आयोजकांनी त्यांचा आवाज बंद केला. रहमान यांच्या वेळी ‘हे भारतातच होतं’ म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा पाठवला होता. उत्तर आलं नाही.

दहा वाजता संपण्याबद्दल एवढी चर्चा होते, तेवढी किती मोठ्याने वाजतं याबद्दल होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मैफलींच्या जागांसाठी मानक काढलं: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. कानातली श्रवणपेशी एकदा गेली की परत उगवत नाही. फोमचे इअरप्लग मेडिकलच्या दुकानात मिळतात, ते घालून बसायचं. आमच्या ग्रुपात अजून मला त्यावरून ‘काकू’ म्हणतात. म्हणू देत.

मग रात्रभर ऐकायचंय कुणाला, त्याने जायचं कुठे? नियमातच उत्तर आहे: बंदिस्त सभागृह. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद नजरुल मंचात, छताखाली, रात्रभर चालते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास असते. पुण्यातही छोट्या संस्था एखाद्या सभागृहात रात्रीची किंवा पहाटेची बैठक घेतात. ती पेपरात येत नाही, व्हॉट्सॲपवर येते. ललत मी पहिल्यांदा समोर बसून ऐकला तो अशाच एका बैठकीत, माईकशिवाय, पन्नासेक माणसांत. तिथून आजोबांना फोन केला. त्यांनी विचारलं, ‘‘गायलं कोण?’’ नाव सांगितलं तर म्हणाले, ‘‘नवीन दिसतेय.’’

नवीन माणसांसाठी ‘सवाई’तही एक जागा आहे, आणि ती दहाच्या नियमाने आयती तयार झाली आहे. दुपारचं पहिलं सत्र. तीन-साडेतीनला मंडप अर्धा रिकामा असतो, नोकरदार अजून कचेरीत असतात, आणि मंचावर बहुधा असा तरुण कलाकार असतो की ज्याचं नाव तुम्हाला पुढे दहा वर्षांनी ओळखीचं वाटणार आहे. अर्धी रजा टाका. पुढे बसायला मिळतं, आणि कलाकार श्रोत्यांचे चेहरे पाहून गातो.