न दिसणारा मित्र

नाटक म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. रंगवलेले पडदे, पुष्कळ पात्रे आणि भरपूर गाणी! पण रंगमंचावर एकच नट असला तर? अशा नाटकाला 'एकपात्री प्रयोग' म्हणतात. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात पन्नासांहून अधिक माणसे एकटेच साकारत. ('वऱ्हाड' म्हणजे तुमच्या भाषेत बारात.)

काही प्रयोगांत मात्र नट एकाच माणसाची भूमिका करतो. मग तो बोलतो कोणाशी?

डॉ. एम. सईद आलम यांनी 'मौलाना आझाद' नावाचे असे उर्दू नाटक लिहिले. त्यात मौलानांची भूमिका टॉम ऑल्टर करीत. त्यांचा जन्म 1950 साली मसुरीला, एका अमेरिकन ख्रिस्ती कुटुंबात झाला. अभिनयाचे शिक्षण त्यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घेतले. गोरा रंग, निळे डोळे आणि तोंडात स्वच्छ उर्दू! तुम्ही मराठीचे जोडाक्षर वाचताना अडखळलात की त्यांची आठवण ठेवा. 2017 साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

मौलाना आपल्या आठवणी हुमायून कबीर यांना सांगत आहेत, अशी या नाटकाची मांडणी आहे. हे खरेच घडले होते. मौलाना संध्याकाळी उर्दूत बोलत आणि कबीर ते इंग्रजीत लिहून काढीत. प्रयोग एकपात्री असल्यामुळे कबीरांचे प्रश्न आपल्याला मौलानांच्या उत्तरांवरूनच ओळखावे लागतात. नट मध्येच थांबतो, कान देतो, हसतो. त्याच्या नजरेमुळे समोर कोणीतरी बसले आहे असे आपल्याला वाटू लागते. एकपात्री नटाची खरी कसोटी इथेच लागते. पाठांतर काय, कोणीही करील!

न दिसणाऱ्या माणसाशी बोलण्याची ही कला मौलानांना स्वतःलाही साधली होती. 9 ऑगस्ट 1942 रोजी 'भारत छोडो' आंदोलनात त्यांना मुंबईत अटक झाली. पंडित नेहरू, सरदार पटेल यांच्यासह त्यांना अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात ठेवले गेले. (किल्ला आणि कैद हे दोन्ही शब्द मराठीने तुमच्याच ओळखीच्या भाषांतून घेतले आहेत.) तिथे मौलाना पहाटे उठत, स्वतः चहा करीत आणि आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहीत. पत्रे पाठवण्याची सोय नव्हती. तरीही प्रत्येक पत्रात ते मित्राला आदराने हाक मारतात आणि तो समोर बसला आहे असे समजून गप्पा मारतात. कधी चहाचा विषय, कधी खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांचा, तर कधी श्रद्धेचा. वडिलांकडून आलेली श्रद्धा त्यांनी जशीच्या तशी ठेवली नाही. शंका घेतल्या, शोध घेतला आणि मग ती आपली केली. पुढे कुरआनचा उर्दू अनुवाद आणि भाष्य त्यांनीच लिहिले.

एप्रिल 1943 मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. मौलाना कैदेतच होते. सुटकेसाठी त्यांनी इंग्रज सरकारकडे अर्ज केला नाही. हे दुःखही त्यांनी त्याच मित्राला सांगितले. मला स्वतःला हे पत्र मोठ्याने वाचवत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी संगीतावर एक लांब पत्र लिहिले. मौलानांचे वडील नावाजलेले पीर होते, म्हणून तरुणपणी मौलाना सितार गुपचूप शिकले. आग्र्याला असताना चांदण्या रात्री ते सितार घेऊन ताजमहालात जात आणि यमुनेकडे तोंड करून वाजवीत बसत. धर्माचा एवढा मोठा अभ्यासक संगीताविषयी इतक्या प्रेमाने लिहितो, याचे काहींना नवल वाटते. मौलानांना त्यात विरोध दिसला नाही.

ही पत्रे 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. तुम्ही उर्दू वाचता, तेव्हा ती मूळ भाषेतच वाचू शकाल.

आता एक गोष्ट करून पाहा. वर्गात एक रिकामी खुर्ची ठेवा. प्राणहितेपलीकडे तेलंगणात राहायला गेलेला एखादा मित्र किंवा मैत्रीण तिच्यावर बसली आहे असे समजा. पाच मिनिटे मराठीतून तिच्याशी बोला. तिच्या उत्तरासाठी थांबायला विसरू नका. ती काय म्हणाली, हे बाकीच्या मुलांनी ओळखायचे आहे.