विश्लेषण : १२०० किलोमीटर, ९० तास, चार रात्री… ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’ची तयारी हौशी सायकलपटूंसाठी इतकी अवघड का?

रविवारी पहाटे पाचला चौकात जमायचे, घाट चढून नाश्ता करायचा आणि दहाच्या आत घरी परतायचे, हा पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या सायकल क्लबांचा नेहमीचा शिरस्ता. डॉक्टर, अभियंते, बँक कर्मचारी, शिक्षक, व्यावसायिक अशी सर्व थरांतील मंडळी त्यात असतात. त्यातील काहींचे डोळे आता फ्रान्सकडे लागले आहेत. दर चार वर्षांनी होणारी ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’ (पीबीपी) ही १२०० किलोमीटरची सायकल राइड २०२७ मध्ये पुन्हा होणार आहे. या राइडमध्ये पहिला क्रमांक नसतो, रोख बक्षीस नसते. तरीही तिच्यासाठी दोन-दोन वर्षे तयारी केली जाते आणि तितकी तयारी करूनही अनेक जण अर्ध्या वाटेतून परततात. असे का होते?

‘पीबीपी’ म्हणजे नेमके काय?

‘पीबीपी’ ही ‘टूर द फ्रान्स’पेक्षाही जुनी आहे. १८९१ मध्ये ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राने पॅरिसहून अटलांटिक किनाऱ्यावरील ब्रेस्टपर्यंत जाऊन परत येण्याची शर्यत आयोजित केली. शार्ल तेराँ याने ती सुमारे ७१ तासांत जिंकली. त्याच्या सायकलला तेव्हा नव्याने आलेले हवेचे टायर होते. १९०१ मधील विजेता मॉरिस गारँ पुढे १९०३ च्या पहिल्या ‘टूर द फ्रान्स’चाही विजेता ठरला. व्यावसायिक सायकलपटूंची ही शर्यत १९५१ मध्ये अखेरची झाली. मात्र हौशी सायकलस्वारांची राइड टिकून राहिली. ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’ ही संस्था तिचे आयोजन करते. अलीकडच्या प्रत्येक वेळी जगभरातून सहा हजारांहून अधिक सायकलस्वार तिच्यात उतरले आहेत. सहभागी ८०, ८४ किंवा ९० तासांची मुदत निवडतात आणि बहुतेकांची पसंती ९० तासांना असते. त्या मुदतीत परतणारा प्रत्येक जण यशस्वी मानला जातो.

पात्रता कशी मिळवावी लागते?

केवळ शुल्क भरून ‘पीबीपी’त प्रवेश मिळत नाही. त्यासाठी ‘ब्रेव्हे’ म्हणजेच ‘बीआरएम’ प्रकारच्या राइड पूर्ण कराव्या लागतात. भारतात ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स’ या संस्थेशी जोडलेले क्लब त्या घेतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास अशी मुदत असते. चारही अंतरे एकाच मोसमात पूर्ण करणारा ‘सुपर रँडोनर’ ठरतो. ‘पीबीपी’साठी ही चारही अंतरे राइडच्या वर्षातच पूर्ण करणे आवश्यक असते. आधीच्या वर्षी लांब पल्ल्याची राइड केलेल्यांना नोंदणीत प्राधान्य मिळते. त्यामुळे २०२७ ची खरी तयारी २०२६ मध्येच सुरू होते.

या राइडमध्ये ठरावीक अंतरावरील नियंत्रण केंद्रांवर कार्डावर शिक्का घ्यावा लागतो. केंद्र उघडण्याची व बंद होण्याची वेळ ठरलेली असते. सोबत मदतीची गाडी चालत नाही; बाहेरची मदत घ्यायची तर ती फक्त केंद्रांवर. पंक्चर काढणे, तुटलेली साखळी जोडणे, रात्री दिव्याची सोय पाहणे हे सारे स्वतःचे स्वतः करायचे असते.

‘रॅम’पेक्षा ही राइड वेगळी कशी?

लांब पल्ल्याचे सायकलिंग म्हटले की महाराष्ट्रात ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ (रॅम) हे नाव चटकन आठवते. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटरच्या ‘रॅम’मध्ये सायकलपटूच्या मागे गाडी, चालक, खाणेपिणे पाहणारे आणि वाट दाखवणारे असे पथक असते. तिचा खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. ‘पीबीपी’त पथक नाही, क्रमवारी नाही. नोकरी सांभाळून, रजा जमवून, स्वतःच्या पैशाने जाणाऱ्या क्लबच्या सायकलस्वाराला म्हणूनच ती आवाक्यातली वाटते. मात्र पथक नसल्याने झोप कधी घ्यायची, खायचे काय, थांबायचे केव्हा हे सगळे निर्णय थकलेल्या मेंदूलाच घ्यावे लागतात.

ताशी साडेतेरा किलोमीटर म्हणजे सोपेच की?

कागदावर तसे वाटते. १२०० किलोमीटरला ९० तास, म्हणजे ताशी सरासरी साडेतेरा किलोमीटर पुरतात. रविवारच्या राइडला ताशी २५ चा वेग सहज गाठणाऱ्याला यात अवघड काय, असा प्रश्न पडू शकतो. पण घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. समजा, वाटेत १५ ठिकाणी शिक्का, जेवण, पाणी, स्वच्छतागृह यांत प्रत्येकी पाऊण तास गेला, तर सव्वाअकरा तास तिथेच संपतात. प्रत्यक्ष सायकल चालवण्याचा वेग ताशी २० किलोमीटर राहिला तर ६० तास लागतील आणि झोपेसाठी व अडचणींसाठी साधारण १९ तास उरतील. हाच वेग १७ वर आला की जेमतेम आठ तास उरतात. म्हणजेच ताशी तीन किलोमीटरचा फरक सुमारे ११ तासांची झोप हिरावून घेतो.

९० तासांच्या गटाची सुरुवात रविवारी सायंकाळी होते. दिवसभर जागा असलेला सायकलस्वार लगेचच पहिल्या रात्रीला सामोरा जातो आणि परतेपर्यंत गुरुवार उजाडतो. आठ तास झोप चार रात्रींत विभागली तर रात्रीला दोनच तास येतात. म्हणूनच अनुभवी सायकलस्वार नवख्यांना वेग वाढवण्यापेक्षा थांब्यावरचा वेळ कमी करायला शिकवतात. केंद्रात शिरण्यापूर्वीच तीन कामे मनात ठरवायची, ती झाली की निघायचे, हा साधा नियम तासन् तास वाचवतो.

भारतीय सायकलस्वार कुठे अडखळतात?

२०१९ मध्ये तीनशेहून अधिक भारतीयांनी ‘पीबीपी’साठी नोंदणी केली होती. एकूण सहभागींपैकी बहुसंख्य मुदतीत परतले, पण भारतीयांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ते जमले नाही. त्या वर्षी ब्रेस्टकडे जाताना समोरून वारा होता आणि रात्री कडाक्याच्या थंड होत्या. अर्थात हा वारा आणि ही थंडी सर्वांनाच होती. फरक सवयीचा होता.

पहिला फरक रस्त्याचा. भारतातील अनेक ब्रेव्हे रुंद, बऱ्यापैकी सपाट महामार्गांवर होतात. फ्रान्समधील मार्ग लहान गावांतून, अरुंद रस्त्यांवरून जातो. तिथे वरंधा किंवा आंबोलीसारखा एकच मोठा घाट नाही. सर्वांत उंच भागही समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या आतच आहे. पण छोटे चढ-उतार संपतच नाहीत. साऱ्या चढांची बेरीज ११ हजार मीटरच्या पुढे जाते. घाटात एकदा लय सापडली की ती टिकते; इथे ती दर दहा मिनिटांनी मोडते.

दुसरा फरक हवेचा. मुंबईत रात्रीही पारा फारसा खाली उतरत नाही. ब्रिटनीच्या पहाटेला तो दहाच्याही खाली जाऊ शकतो. घामाने ओला झालेला सायकलस्वार थांब्यावर बसला की अंग काकडते आणि पुन्हा निघायचे धाडस होत नाही. तिसरा फरक खाण्याचा. पोहे, इडली, वरण-भातावर तयार झालेल्या पोटाला चार दिवस पाव, पास्ता, सूप आणि चीज पेलावे लागते. शाकाहारी व्यक्तीची निवड आणखी मर्यादित होते. चौथा फरक रस्त्याच्या बाजूचा. उजव्या बाजूने चालणारी वाहतूक जागेपणी सहज अंगवळणी पडते. पण तिसऱ्या रात्री चौकात वळताना हात जुन्या सवयीने डावीकडे जातो.

आपल्याकडील मोसमाचा अडथळा कोणता?

‘पीबीपी’ ऑगस्टमध्ये होते, तर महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या राइडसाठी सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यामुळे अनेकांची पात्रता हिवाळ्यात पूर्ण होते आणि शरीर नेमके त्याच वेळी सर्वांत तयार असते. त्यानंतर एप्रिल-मेचे ऊन आणि जूनपासून पाऊस. जाण्यापूर्वीचे शेवटचे दोन महिने धुवांधार पाऊस, खड्डे आणि कमी दृश्यमानता यांत जातात. यावर दोन उपाय केले जातात. आठवड्याच्या दिवसांत घरातील ट्रेनरवर सराव आणि शनिवार-रविवारी लागोपाठ दोन लांब राइड. लोणावळा किंवा महाबळेश्वरचा पाऊस थंडी-वाऱ्यातील कपड्यांची परीक्षा घ्यायला उपयोगी पडतो. मात्र निसरड्या घाटात रात्रीचा सराव करून हाड मोडून घेण्यापेक्षा तो टाळलेला बरा, असेच बहुतेक क्लब सांगतात.

शरीरावर नेमका काय ताण येतो?

शरीरातील ग्लायकोजेनचा साठा साधारण दोन हजार किलोकॅलरी ऊर्जा देतो. काही तासांत तो संपतो. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. चिक्की, खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू यांची सवय सरावातच लावून घ्यायची असते. मिठाशिवाय नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून चक्कर, गोंधळ आणि प्रसंगी जिवावर बेतू शकते. हँडलवर सतत भार पडल्याने करंगळी आणि अनामिका बधिर होतात. बसण्याच्या जागी जखमा होतात. मानेचे स्नायू इतके थकतात की काहींना डोके वर धरता येत नाही.

सर्वांत मोठा धोका झोपेचा. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद बंद पडतो आणि उतारावर तेवढे पुरेसे असते. ‘झोप जिंकायची’ ही भाषा म्हणूनच घातक ठरते. डोळे मिटू लागले की सुरक्षित जागा पाहून, गजर लावून २० मिनिटे आडवे होणे हाच त्यावरचा उपाय. सरावाच्या काळात हा धोका भारतातच अधिक असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. बाकीच्या महामार्गांवर रात्रभर अवजड वाहने धावतात. दिवे आणि परावर्तक जॅकेट ही म्हणूनच केवळ नियमाची पूर्तता ठरत नाही.

सायकलसह परदेशात जाताना काय पाहावे लागते?

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा लवकर भरतात. सायकल खोक्यात किंवा कडक पेटीत बांधताना पेडल, हँडल आणि चाके काढावी लागतात. म्हणजेच ती पुन्हा जोडता आली पाहिजे. दिव्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातील सामानातच न्याव्या लागतात. पोहोचल्यावर किमान तीन-चार दिवस हाताशी ठेवले तर वेळेतील फरकाशी जुळवून घेता येते आणि सायकलची चाचणी होते. काही जण खासगी सेवेच्या मदतीने लूदेआकसारख्या मधल्या गावी कपड्यांची बॅग ठेवतात.

मुदतीत परतता आले नाही तर?

अधिकृत यादीत नाव येत नाही, पदक मिळत नाही. पुढची संधी चार वर्षांनी. रजा, खर्च आणि घरच्यांनी दोन वर्षे सोसलेले रविवार यांचे ओझे मनावर असल्याने ‘थांबतो’ म्हणणे अवघड जाते. पण कधी कधी आयोजकही थांबतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५०० किलोमीटरची ‘लंडन-एडिंबरा-लंडन’ राइड फ्लोरिस वादळामुळे अर्ध्यावर बंद करावी लागली. त्या वेळी वादळ दिसत होते; एकट्या सायकलस्वाराच्या बधिर हाताचे किंवा मिटत्या डोळ्यांचे तसे नसते. म्हणून अनेक क्लब आता जाण्यापूर्वीच थांबण्याच्या खुणा ठरवायला सांगतात. खाल्लेले पोटात टिकत नाही, सरळ रेषेत सायकल चालत नाही, थरथर थांबत नाही, असे झाले की पुढच्या केंद्रावर कार्ड परत करायचे. विलेन-ला-ज्युएलसारख्या गावांत सारा गाव सायकलस्वारांच्या स्वागताला उभा असतो, रात्री-अपरात्री घरासमोर टेबल मांडून लोक कॉफी देतात. ते मुदतीत असलेल्यालाही देतात आणि मुदत हुकलेल्यालाही.