पेढीचे सॉफ्टवेअर आणि लिहून ठेवलेले ज्ञान

तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या सरावली आणि बोईसर परिसरात रसायने, औषधे, पोलाद व कापड यांचे कारखाने आहेत आणि त्यांना माल पुरविणाऱ्या पेढ्याही आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आले. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना व्यापारी ग्राहकांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. वहीखाते संगणकावर गेले, आणि साठा, बॅच क्रमांक, उधारीची मुदत यांसाठी स्वतःचे सॉफ्टवेअर करवून घ्यावे, असा विचार पेढीवर होऊ लागला. परंतु यंत्र तयार विकत मिळते. सॉफ्टवेअर मात्र पेढीच्या अनुभवातून घडवावे लागते.

या बाबतीत ‘टॅली’चा इतिहास बोलका आहे. श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना व गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. हिशेबासाठी मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले पुत्र भरत यांना ते लिहावयास सांगितले. १९८६ मध्ये बंगळुरात या कामाचा आरंभ झाला. गरज जाणणारा व्यापारी आणि प्रोग्राम लिहिणारा एकाच घरात होते, हे त्याचे बळ.

प्रत्येक घरात असा पुत्र नसतो. म्हणून प्रथम छोटी नमुना-आवृत्ती करवून घ्यावी. तीत एकच काम असावे. उदाहरणार्थ, मालाची आवक. ती खऱ्या बिलांवर चालवून पाहावी: परत आलेला माल, अर्धीच आलेली खेप, वजनात आलेली तूट. मालकाला नफा दिसतो, मुनीमजींना उधारी, गोदाम सांभाळणाऱ्याला जागा. प्रत्येकाचे म्हणणे खरे, पण अंशतः. अनेकान्ताची शिकवण येथे व्यवहारात उतरते. मात्र नमुना पसंत पडला म्हणून त्यावरच पेढी चालवू नये. सुरक्षित प्रती आणि कोणी काय पाहावे याचे निर्बंध त्यात सहसा नसतात.

काम लांबले की ‘आणखी माणसे लावा’ असे सांगण्याचा मोह होतो. आयबीएममधील मोठ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात दाखविले की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर माणसे वाढविली तर उशीर आणखी वाढतो. नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय तिघांत परस्परसंवादाच्या जोड्या ३ असतात, तर सहांत त्या १५ होतात. म्हणून माणसे थोडी असावीत, आणि पेढीच्या बाजूने निर्णय देणारी व्यक्ती एकच असावी.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. सारी माहिती एकाच प्रोग्रामरच्या डोक्यात असते. तो नोकरी सोडून गेला की कराचा दर बदलणेही अडते आणि दारात भरलेला ट्रक बिलावाचून उभा राहतो. स्मरणावर विसंबलेले ज्ञान लोपते, हे जैन परंपरेने फार पूर्वी ओळखले. आचार्य धरसेनांनी श्रुत नष्ट होईल या चिंतेने पुष्पदंत व भूतबली या मुनींना ज्ञान दिले आणि षट्खंडागम लिहिला गेला; श्रुतपंचमी त्याचेच स्मरण होय. श्वेतांबर परंपरेत देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांनी वल्लभी येथे आगम ग्रंथारूढ केले.

तेव्हा वापरपुस्तिका हा करारातच लिहिलेला भाग असावा आणि शेवटचा हप्ता तिच्या पूर्ततेनंतरच द्यावा. ती मुनीमजींच्या भाषेत असावी: जमा, नावे, आवक, जावक. चूक झाल्यास ती कशी दुरुस्त करावी, हेही तीत असावे. सॉफ्टवेअरची मूळ संहिता आणि पासवर्ड पेढीच्या ताब्यात राहावेत. तिची परीक्षा सोपी आहे: नव्या कर्मचाऱ्याला कोणालाही न विचारता, केवळ पुस्तिका वाचून बिल करता आले पाहिजे.

दिवाळीला चोपडापूजन होते आणि कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते. त्या दिवशी ग्रंथांबरोबर ही पुस्तिकाही उघडावी आणि वर्षभरातील बदल तीत नोंदले गेले आहेत का, हे पाहावे.