अधूनमधून बाहेर जाणारा डोळा

“कुठं काय ओ, सरळच तर आहेत डोळे!” असं म्हणणारी आज्जी आणि “रोज संध्याकाळी जातो हो डोळा कानाकडं” असं सांगणारी आई. बेळगावात डोळे तपासण्याचं काम करताना या जोड्या मी पुष्कळ पाहिल्यात. दोघीही खरंच बोलत असतात. हा तिरळेपणा येऊन-जाऊन असतो. मूल ताजंतवानं असलं, जवळ बघत असलं, की मेंदू दोन्ही डोळे नेमके जुळवून धरतो. दमलं, तापानं फणफणलं, किंवा निपाणीहून येताना स्तवनिधीच्या घाटात बसच्या खिडकीतून तंद्री लावून लांब बघत बसलं, की पकड सुटते आणि एक डोळा बाहेरच्या बाजूला सरकतो.

बहुतेकदा सुरुवात पाच वर्षांच्या आतच होते. आणखी एक खूण म्हणजे उन्हात आलं की मूल एक डोळा मिटून घेतं. घरचे त्याला खोड समजून दटावतात.

मूल तक्रार मात्र करत नाही. डोळा सरकला की दोन दोन दिसायला हवं. पण लहान मेंदू त्या डोळ्याचं चित्र सरळ बाजूला टाकतो. शाळेतल्या तपासणीतही हे सहसा सापडत नाही, कारण तक्ता एकेका डोळ्यानं वाचायचा असतो आणि तो या मुलांना बऱ्याचदा छान वाचता येतो. धोका असतो तो दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली समजण्याला. चेंडू झेलणं, सुईत दोरा ओवणं यात ती लागते.

‘लकी डोळा’ म्हणून कौतुक करणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, फक्त मोबाइलमधले जुने फोटो दाखवायला सांगते. निपाणीच्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या आईनं लग्नाच्या मांडवातले रात्रीचे फोटो दाखवले. दर तिसऱ्या फोटोत डावा डोळा बाहेर. माझ्यासमोर मात्र तो सरळ होता. काही वेळ झाकून हात काढल्यावर सरकलेला दिसला.

लगेच ऑपरेशन? नाही. दूरचं दिसत नसेल तर चष्मा, कधी रोज काही तास पट्टी, आणि कित्येकदा नुसती नियमित तपासणी पुरते. डोळा दिवसातला बराच वेळ बाहेर राहू लागला किंवा खोलीची समज घटू लागली, तर स्नायूंच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यानंतरही काही मुलांचा डोळा काही वर्षांनी पुन्हा सरकतो, हे मी आधीच सांगते. तिरळेपणा अचानक आला, डोळा कायम बाहेर राहिला किंवा बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्या मुलीची आई आता रोज रात्री जेवणानंतर तिचे डोळे बघते आणि कॅलेंडरवर खूण करते. पुढच्या तपासणीला ते कॅलेंडरच घेऊन या, असं मी तिला सांगितलंय.