पटावरच्या लढाईसाठी स्पिटफायर

युद्धखेळासाठी प्लास्टिकच्या विमानाचा संच निवडताना आधी प्रमाण पाहावं. स्पिटफायरच्या पहिल्या आवृत्तीच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२ मीटर. १/७२ प्रमाणात तो साडेपंधरा सेंटिमीटर होतो, १/१४४ मध्ये पावणेआठ. पटावर डझनभर विमानं उतरवायची, तर लहान प्रमाणच परवडतं.

मग सुटे भाग तपासावेत. ते मोजके असावेत, जोड घट्ट बसावेत. खेळात विमान स्टँडवर उडतच असतं, म्हणून चाकं मिटलेली दाखवायची सोय हवी. पोटाला स्टँडचं भोक नसेल, तर जोडणीआधीच पाडून घ्यावं. कॉकपिटमागची अँटेनाची काडी आणि डाव्या पंखाखालची पिटो नळी हाताळताना हमखास मोडतात. त्या जाड असलेल्याच बऱ्या. कॉकपिटमधली कलाकुसर हातभर अंतरावरून दिसत नाही. तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.