चालत्या घरांतील हवेची गळती

अमेरिकेंतील हमरस्त्यांनीं प्रवास करणाऱ्या आपल्या मंडळींस एक वाहन हटकून दिसतें. आकारानें तें आपल्या एस्. टी. च्या गाडीएवढें, परंतु आंत बांकांच्या रांगा नसून पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, शीतपेटी असा सगळा संसार मांडलेला. यास तिकडे मोटारहोम म्हणतात. इंडियाना संस्थानांतील एल्कहार्ट हें गांव या धंद्याचें माहेरघर होय. नोकरींतून निवृत्त झालेलीं कित्येक जोडपीं राहतें घर विकून वर्षानुवर्षें अशा वाहनांत राहतात, आणि थंडी सुरू झाली कीं ॲरिझोनांतील क्वार्टझसाईटसारख्या वाळवंटी गांवीं त्यांचे तांडे येऊन उतरतात. मुलांकडे गेलेले आईबाप, सुना, नातवंडें अशीं आपलीं कुटुंबेंहि आतां सुटींत असें घर भाड्यानें घेऊन यलोस्टोन पाहावयास निघतात. भाड्यानें मिळणारीं घरें बहुधा लहान व पेट्रोलवर चालणारीं असतात. त्यांस हवेचे ब्रेक नसल्यामुळें पुढील मजकूर त्यांस लागू नाहीं. ज्याचें इंजिन पाठीमागें बसविलेलें असतें व जें डीझेलवर चालतें, अशा मोठ्या घराविषयींच हें लिहिणें आहे. ज्यांचे आप्त तसें वाहन, विशेषतः जुनें, विकत घेण्याच्या विचारांत असतील त्यांनीं तें अवश्य त्यांच्या नजरेस आणावें.

दहा टनांहून अधिक वजनाचें हें धूड केवळ पायाच्या जोरानें थोपविणें शक्य नाहीं. तें काम दाबलेल्या हवेकडे सोंपविलेलें असतें. इंजिनास जोडलेला पंप हवा दाबून लोखंडी टांक्यांत भरतो. वाटेंत ती एका शोषकाच्या डब्यांतून जाते व तिच्यांतील ओल बहुतांशीं तेथेंच राहते. दाब चौरस इंचास सुमारें 120 ते 130 पौंडांपर्यंत चढला कीं नियामक नांवाचें लहानसें यंत्र पंपास विसांवा देतें. दाब 100 च्या आसपास उतरला कीं त्यास पुन्हां कामास लावतें. विसांव्याच्या क्षणीं शोषकाच्या तळाची झडप उघडते आणि सांचलेलें पाणी ‘फुस्स’ असा आवाज करून बाहेर पडतें. एस्. टी. च्या स्थानकावर हा आवाज आपण सर्वांनींच ऐकलेला आहे. याच हवेवर ब्रेक चालतात, तिनेंच भरलेल्या रबरी फुग्यांवर सबंध घर तोललेलें असतें, आणि भोंगा, चालकाची वरखालीं होणारी खुर्ची, क्वचित् घर समपातळींत आणणारी यंत्रणा, हीं सर्व तिचींच आश्रितें. एका मिळवत्या माणसाच्या मिळकतीवर दहा तोंडें असावीं तसा हा प्रकार आहे. आणि अशा घरांत पैसा कोठून झिरपतो हें शोधणें किती नाजुक काम असतें तें वाचकांस सांगावयास नको.

हवा गळून गेली तर ब्रेक लागणारच नाहींत, अशी धास्ती मनांत प्रथम येते. ती धास्ती एके काळीं खरी होती. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें 1869 सालीं आगगाडीसाठीं हवेचा ब्रेक काढला, त्यांत इंजिनाकडून हवा आली म्हणजे ब्रेक लागत. मध्येंच नळी तुटली कीं मागील डबे मोकाट सुटत. 1872 सालीं त्यानें सगळी रचना उलटी केली. नळींत दाब आहे तोंवर ब्रेक मोकळे, दाब गेला कीं ते आपोआप लागावयाचे. मोटारहोमच्या मागील चाकांवर हेंच तत्त्व निराळ्या रीतीनें वापरलेलें असतें. तेथें एक जबरदस्त स्प्रिंग ब्रेक आवळून धरण्यास सदैव टपलेली असते आणि हवा तिला दाबून मागें ठेवते. दाब 60 पौंडांच्या आसपास उतरला कीं चालकापुढें धोक्याचा दिवा लागून घंटी वाजूं लागते. त्याहि खालीं, 45 ते 20 च्या दरम्यान, स्प्रिंग आपलें काम करते. म्हणजे हवा गळाल्यानें घर बहुधा उतारावर सुटत नाहीं, तें जागच्या जागीं बसतें. मात्र तें कोठें बसेल हें आपल्या हातीं नसतें. भर वाहत्या हमरस्त्यावर मागील चाकें आवळलीं जाणें हा कांहीं लहान अपघात नव्हे. शिवाय गळती बारीक असली तरी पंपास विसांवा मिळत नाहीं; तो तापतो, तेल ओकूं लागतो, शोषकाची शक्ति संपते, आणि पाणी व तेल टांक्यांत उतरून सर्व झडपा नासवितें. कडाक्याच्या थंडींत तें पाणी गोठलें म्हणजे झडप अडकून बसते.

गळती आहे कीं नाहीं हें कानानें नव्हे, घड्याळानें ठरवावें. घर सपाट जागीं उभें करून चाकांस पुढून मागून ठोकळे लावावे. दाब पूर्ण चढल्यावर इंजिन बंद करावें, कांटे दिसत राहावे म्हणून किल्ली चालू ठेवावी, आणि उभें राहण्याचा ब्रेक मोकळा करून एक मिनिटभर कांट्यांकडे पाहावें. उतार 2 पौंडांहून अधिक नसावा. मग पायाचा ब्रेक भक्कम दाबून धरावा; पहिला उतार होऊन कांटा स्थिरावला कीं पुन्हां एक मिनिट मोजावें. यावेळीं 3 पौंडांपर्यंत चालतें. जोडगाडी नसलेल्या जड वाहनाच्या चालकांच्या परीक्षेंत अमेरिकेंत हेच आंकडे धरतात. एकानें आसनावर बसून आंकडे वाचावे व दुसऱ्यानें ते वहींत टिपावे, हें उत्तम.

या दोन मिनिटांतच अर्धें निदान होतें, आणि बहुतेक लोक येथेंच घाई करतात. ब्रेक दाबल्यावरच दाब उतरत असेल तर दोष पायाच्या ब्रेकच्या मार्गांत, बहुधा चाकाजवळच्या डब्यांतील रबरी पडद्यांत असतो. उभें राहण्याचा ब्रेक मोकळा केल्यावर गळती सुरू होते व तो लावतांच थांबते, असें झालें तर स्प्रिंगच्या बाजूचा पडदा किंवा त्याची नळी पाहावी. टांक्या दोन असतात व कांटेहि दोन. दोहोंपैकीं एकच उतरत असेल तर अर्धें घर तपासण्याचा त्रास वांचला. आणखी एक खूण फार उपयोगाची आहे. ब्रेकची हवा इतर आश्रितांनीं खाऊन टाकूं नये म्हणून पुष्कळ वाहनांत एक राखणीची झडप असते. दाब ठराविक आंकड्याखालीं गेला कीं ती फुगे, भोंगा इत्यादींचा मार्ग बंद करते. रात्रभरांत कांटा त्या आंकड्यापर्यंत येऊन तेथेंच ठाण मांडून बसला, तर ब्रेक निर्दोष असून चोरी आश्रितांच्या वाड्यांत आहे असें समजावें.

फुग्यांची गळती तर डोळ्यांनींच दिसते. सकाळीं घराचा एक कोपरा खालीं बसलेला असतो. मागें दोन बाजूंस दोन व पुढें एक अशा बहुधा तीन झडपा घराची उंची राखतात. मागील एकच कोपरा बसला तर त्या बाजूचा फुगा, त्याची नळी वा त्याची झडप, एवढ्यांतच शोध घ्यावयाचा. पुढील दोन्ही बाजू एकदम बसल्या म्हणून दोन फुगे विकत आणूं नयेत. पुढें एकाच झडपेवरून दोघांस हवा जाते. एक फाटका असला कीं दुसराहि रिकामा होतो.

यापुढील गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. हवा जेथून बाहेर पडते तेथेंच दोष असतो असें मुळींच नाहीं. पायाच्या झडपेच्या निकासाच्या तोंडांतून फुसफुस ऐकूं आली कीं ती झडप बदलण्याकडे सर्वांचा ओढा. झडप महाग, काम अडचणीचें, आणि नवी बसविल्यावर फुसफुस पूर्ववत्! कारण चाकाजवळच्या जोडडब्यांत स्प्रिंगची बाजू व पायाच्या ब्रेकची बाजू यांच्यामध्यें जी बारीक रबरी कडी असते ती झिजली म्हणजे स्प्रिंगकडील हवा पायाच्या ब्रेकच्या नळींत शिरते, उलटी वाहत जाते आणि भलत्याच झडपेच्या तोंडांतून बाहेर पडते. परीक्षा सोपी आहे. उभें राहण्याचा ब्रेक लावावा. फुसफुस थांबली तर पायाची झडप निर्दोषी. शोषकाचेंहि तसेंच. पंप विसांवल्यावर तळाची झडप एकदां फुस्स करून गप्प बसली पाहिजे. ती पुढेंहि सुस्कारे टाकीत राहिली तर तिच्या बैठकींत कचरा अडकला असेल, अथवा टांकीकडील हवा परत न येऊं देणारी आंतली झडप निकामी होऊन टांकीच उलटी रिती होत असेल. दोन्हींचा आवाज एक, जागा एक, आणि औषध निरनिराळें. म्हणून मेकॅनिकानें अमुक भाग बदलावा लागेल असें सांगितलें कीं, तो भाग कोणत्या परीक्षेंत नापास झाला, एवढें नम्रपणें विचारावें.

एवढें झाल्यावर घराखालीं जावयाचें, आणि येथें जिवाशीं गांठ आहे. हें घर हवेवर तोललेलें असतें हें क्षणभरहि विसरूं नये. आपण खालीं निजून नळी चांचपीत असतांना एखादा फुगा रिकामा झाला, तर सबंध सांगाडा कांहीं इंच खालीं येतो, आणि उरलेल्या जागेंत माणसाची छाती मावत नाहीं. अशा रीतीनें माणसें दगावलेलीं आहेत. मुख्य सांगाड्याखालीं वजन पेलतील असे भक्कम लोखंडी टेंकू दिल्यावांचून, अगर खोल चर असलेल्या कारखान्यांत गाडी नेल्यावांचून, कोणीहि खालीं शिरूं नये. हवेवर वा उचलणाऱ्या यंत्रावर भरंवसा ठेवूं नये. खालीं माणूस असतांना वर बसणाऱ्यानें ब्रेकला पाय लावूं नये. आणि स्प्रिंगचा डबा तर कोणत्याहि कारणासाठीं उघडूं नये. आंतील स्प्रिंग सुटली तर तोफगोळ्यासारखी बाहेर येते.

प्रत्यक्ष शोध साबणाच्या पाण्यानें. गॅसच्या शेगडीची नळी तपासण्याची युक्ति प्रत्येक स्वयंपाकघरांत ठाऊक आहे, तीच येथें. कुंचल्यानें फेंस जोडावर लावावा व थोडा वेळ थांबावें. बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश फुगतो. मोठ्या गळतीवर मात्र फेंस टिकतच नाहीं, तो उडून जातो, आणि नवशिका ती जागा कोरडी समजून पुढें सरकतो. तेथें रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरून दुसरें जोडाजोडावरून फिरवावें. फुग्यांच्या खालच्या घडींत, जेथें रबर दुमडतें तेथें, फेंस अवश्य लावावा. साबण भांडीं घासण्याचा साधा असावा. अमोनिया असलेलीं फरशी पुसण्याचीं पाणीं टाळावींत, कारण नळ्यांचे जोड पितळेचे असतात व ताणाखालीं असलेल्या पितळेस अमोनियानें चिरा पडतात. हें ज्ञान, गंमत अशी कीं, हिंदुस्थानांतूनच मिळालें. इंग्रजी फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत तबेल्यांजवळ ठेवलेलीं असत व त्यांस आपोआप भेगा पडत. घोड्यांच्या मुताच्या वाफांतील अमोनिया हें त्याचें कारण होय, याचा उलगडा 1921 सालीं झाला.

जोड गळतांना आढळला तर प्रथम हलक्या हातानें थोडासा आवळून पाहावा. जोर करून आवळल्यास आंतील कडी नळीस चेंगरते व गळती वाढते. नळी कापावी लागली तर ती काटकोनांत, धारदार कातरीच्या हत्यारानें कापावी. पक्कडीनें वा करवतीनें कापलेलें वेडेंवांकडें टोंक नव्या जोडांतहि गळतें.

दुरुस्ती झाल्यावर तीं दोन मिनिटें पुन्हां मोजावींत व रात्रींचा आंकडा वहींत लिहून ठेवावा. सकाळीं तो कमी दिसला म्हणून लगेच हिरमुसूं नये. वाळवंटांत सायंकाळीं 30 अंश सेंटिग्रेड उष्मा असतो आणि पहाटें 5 अंश. एवढ्या थंडीनेंच टांकींतील 120 पौंडांचा दाब, हवेचा एक थेंबहि न गळतां, 109 वर येतो. याखेरीज रात्रभरांत थोडा दाब उतरणें निरोगी वाहनासहि चुकत नाहीं. उन्हें वर येऊन टांकी तापली कीं कांटा किती परत चढतो तें पाहावें, त्या वेळचा आंकडा रात्रींच्या आंकड्याशीं ताडून पाहावा, आणि फरक फार असेल तरच साबणाचें भांडें पुन्हां बाहेर काढावें.