दोन रात्रींचे पाहुणे : पुण्यातील पालखी मुक्कामाची व्यवस्था

पुणे शहर हे रूढ अर्थाने तीर्थक्षेत्र नव्हे. तथापि आळंदी आणि देहू ही वारकरी संप्रदायाची दोन प्रमुख क्षेत्रे शहराच्या उंबरठ्यावरच वसलेली असल्यामुळे दरवर्षी ज्येष्ठ वद्य पक्षात दोन रात्रींपुरते पुण्याला तीर्थक्षेत्राचे स्वरूप प्राप्त होते. लाखो वारकरी एकाच दिवशी शहरात येतात, दोन रात्री विसावतात आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पंढरीच्या वाटेला लागतात. त्यांतील बहुतेक जण हॉटेलात उतरत नाहीत की खानावळीत जेवत नाहीत. मग एवढा मोठा समुदाय राहतो कोठे आणि जेवतो काय? ज्या गावांतून हे वारकरी निघतात तेथील पंचायत सदस्यांना, ज्या शाळांतून ते उतरतात तेथील शिक्षकांना आणि व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दोन पालख्या, दोन मंदिरे

संत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्यास आरंभ केला असे मानले जाते. त्या काळी ज्ञानेश्वर महाराज व तुकाराम महाराज या दोघांच्याही पादुका एकाच पालखीत असत. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी स्वतंत्रपणे नेण्याची प्रथा घातली. मूळचे सरदार असलेल्या हैबतबाबांनी दिंड्यांचा क्रम, मुक्काम आणि शिस्त यांची जी घडी बसविली, ती आजही मोडलेली नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांनी या सोहळ्यास घोडे व तंबू पुरविले आणि तो मान त्यांच्या घराण्याकडे आजतागायत चालत आला आहे.

तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून, तर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवते. दोन्ही पालख्या सामान्यतः नवमीस पुण्यात प्रवेश करतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामास असते. या दोन पेठा एकमेकींना लागून आहेत. त्यामुळे निवासाचा सर्वाधिक ताण शहराच्या याच पूर्व भागावर पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील सर्व व्यवस्थेचा उलगडा होतो.

दिंडी हेच फिरते घर

वारीत चालणारा बहुतेक वारकरी हा कोणत्या ना कोणत्या दिंडीचा सभासद असतो. दिंडीला विणेकरी असतो, पालखीच्या पुढचे अथवा मागचे ठराविक स्थान असते आणि त्या स्थानाचा क्रमांक असतो. सामान, अंथरुणे, तंबू व स्वयंपाकाची भांडी वाहून नेण्यासाठी दिंडीची मालमोटार बरोबर असते. भोजनखर्चासाठी प्रत्येक वारकरी निघतानाच ठराविक रक्कम भरतो. तिला ‘भिशी’ म्हणतात. भिशी भरली म्हणजे पंढरपूरपर्यंतच्या दोन वेळच्या जेवणाची चिंता मिटते. आचारी आणि काही सेवेकरी मालमोटारीबरोबर पुढे जातात आणि दिंडी मुक्कामी पोहोचेपर्यंत भाकरी, पिठले, आमटी, भात असा स्वयंपाक तयार ठेवतात.

अनेक दिंड्यांची पुण्यातील उतरण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. मराठवाड्यातील अथवा खानदेशातील एखाद्या खेड्यातील वारकरी पुण्याचा नकाशा जाणत नसेल, पण आपली दिंडी कोणत्या पेठेत, कोणत्या मंदिराजवळ उतरते हे त्याला आजोबांपासून ऐकून ठाऊक असते. पुणेकर यजमानांच्या घरीही ‘आपली दिंडी’ म्हणून वर्षभर तिची वाट पाहिली जाते. लेखी करार नसलेला हा संबंध कोणत्याही आरक्षणापेक्षा भरवशाचा ठरत आला आहे.

वाडे गेले, शाळा उरल्या

या संबंधाचा मुख्य आधार म्हणजे पुण्याचे जुने वाडे. प्रशस्त चौक, ओसरी, आड अथवा पाण्याचा हौद आणि मागील दारी मोकळी जागा, अशी वाड्याची रचना असे. पन्नास-शंभर माणसांची एक दिंडी अशा एका वाड्यात सहज सामावत असे. चौकात चुली मांडल्या जात, ओसरीवर भजन होई आणि रात्री तेथेच पथाऱ्या पडत. गेल्या काही दशकांत यांतील बहुसंख्य वाडे पाडले गेले आणि त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. घरमालकाची श्रद्धा कमी झाली नाही. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत चार वारकऱ्यांना जेवू घालता येते, दिंडी उतरविता येत नाही. तळमजल्याचे वाहनतळ रिकामे करून देणाऱ्या सोसायट्याही आहेत, परंतु वाड्याच्या चौकाची भरपाई त्याने होत नाही.

परिणामी निवासाचा भार हळूहळू सार्वजनिक वास्तूंकडे वळला आहे. महानगरपालिकेच्या शाळा, मंदिरांचे सभामंडप, मंगल कार्यालये व गणेशोत्सव मंडळांचे मंडप ही आज वारकऱ्यांची प्रमुख उतरण्याची ठिकाणे होत. जून महिन्यात शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि त्याच सुमारास वर्ग रिकामे करून द्यावे लागतात. अशा वेळी मुख्याध्यापकांनी काही गोष्टी आधी पाहून ठेवल्यास पुष्कळ अडचणी टळतात. बाके एका बाजूस रचावीत. अभिलेख व प्रयोगसाहित्य कुलूपबंद खोलीत ठेवावे. विजेच्या तारा व खटके तपासून घ्यावेत. स्त्रियांसाठी स्वतंत्र व शक्यतो स्वच्छतागृहाजवळचे वर्ग राखावेत. आणि स्वयंपाकाची जागा वर्गात न देता मैदानावर, इमारतीपासून अंतर राखून द्यावी. गॅसच्या टाक्या बंद खोलीत ठेवू न देणे हा यांतील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. मुक्काम उठल्यानंतर शाळा धुऊन, निर्जंतुक करून मगच वर्ग भरवावेत.

अन्नाची उणीव नाही, वाटपाची आहे

पुण्यात वारकरी उपाशी राहत नाही. व्यापारी, गणेश मंडळे, महिला मंडळे, बँकांचे व कार्यालयांचे कर्मचारी आणि असंख्य कुटुंबे या दोन दिवसांत अन्नदान करतात. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी विनामूल्य आरोग्य तपासणी होते. चप्पल दुरुस्त करणारे, केशकर्तन करणारे व पाय चोळून देणारेही सेवा म्हणून बसतात. पुढच्या दिवशी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबरच्या वारकऱ्यांना दिवे घाट चढून सासवड गाठावयाचे असते. सुमारे तीस किलोमीटरच्या त्या चालीपूर्वी शरीराला हा विसावा आवश्यक असतो.

अडचण निराळीच आहे. अन्नदानाची केंद्रे प्रमुख रस्त्यांवर एकवटतात. तेथे एकाच वारकऱ्यापुढे तासाभरात केळी, चिवडा, पोहे आणि चहा येतो, तर आडबाजूच्या शाळेत उतरलेल्या दिंडीकडे कोणी फिरकत नाही. उरलेले अन्न रस्त्यावर पडते आणि पावसात कुजते. ज्या मंडळास अन्नदान करावयाचे असेल त्याने क्षेत्रीय कार्यालयाकडून जवळच्या निवासस्थानांची माहिती घेऊन, तेथील दिंडीप्रमुखास आदल्या दिवशी विचारून, संख्या ठरवून अन्न पोहोचविल्यास तेच अन्न सत्कारणी लागेल. दिंडीला पुष्कळदा शिजलेल्या अन्नापेक्षा शिधा अधिक उपयोगी पडतो, कारण तो पुढील मुक्कामी नेता येतो.

अन्नदात्यांनी तिथीही पाहावी. पुण्याहून प्रस्थानाचा दिवस बहुधा योगिनी एकादशीचा असतो. त्या दिवशी हडपसरच्या वाटेवर पुरी-भाजी वाटण्यात अर्थ नाही. केळी, शेंगदाण्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी अशा उपवासाच्या पदार्थांचीच त्या दिवशी गरज असते. पुष्कळ माळकरी एरवीही कांदा-लसूण वर्ज्य करतात, हेही लक्षात असावे. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी व द्रोण हा जुना मार्गच येथे योग्य होय.

एका पंक्तीकडे

वारीतील भोजनाचा आणखी एक इतिहास विसरता येण्याजोगा नाही. भजनात सर्व जातींचे वारकरी एकत्र असत, पण जेवणाच्या पंक्ती वेगळ्या बसत. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी पायी वारीवरील आपल्या ‘वाटचाल’ या लेखात ही विसंगती स्वच्छपणे नोंदविली आहे. संत गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली, ती ज्यांना अन्यत्र उतरू दिले जात नसे अशांसाठी. आज शाळेच्या मैदानावर किंवा मंडळाच्या मंडपात पंक्ती बसते तेव्हा कोणी कोणाची जात विचारत नाही. सार्वजनिक वास्तूतील निवासाने साधलेला हा लाभ लहान नव्हे.

पाणी, शौचालये आणि आरोग्य

एकोणिसाव्या शतकात मोठ्या यात्रांबरोबर पटकीची साथ गावोगाव पसरत असे. शुद्ध पाणी व शौचालये या दोन गोष्टींवर मुक्कामाचे यशापयश अवलंबून असते, हा त्या अनुभवाचा धडा आहे. अलीकडच्या वर्षांत ‘निर्मल वारी’ या उपक्रमाखाली मुक्कामाच्या ठिकाणी फिरती शौचालये मोठ्या प्रमाणावर उभारली जातात. वारीत स्त्रियांची संख्या मोठी असल्याने त्यांच्या आरोग्यविषयक सोयींसाठी राज्य महिला आयोगाने २०२२ पासून ‘आरोग्यवारी’ हा उपक्रम हाती घेतला. तथापि शौचालय उभे करणे पुरेसे नाही. तेथे पाणी, रात्रीचा उजेड आणि आतून लागणारी कडी नसेल तर स्त्रिया त्याचा वापर करीत नाहीत, ही साधी गोष्ट पाहणीच्या वेळी तपासली गेली पाहिजे.

दिंडीबाहेरचा वारकरी

सर्वाधिक हाल होतात ते कोणत्याही दिंडीत नसलेल्या, एकट्याने अथवा दोघा-चौघांनी निघालेल्या वृद्धांचे. त्यांना ठरलेली जागा नसते, भिशी नसते. पदपथ, दुकानांच्या पायऱ्या किंवा पुलाखालची जागा त्यांच्या वाट्यास येते आणि रात्री पाऊस आला म्हणजे तीही सुटते. गर्दीत चुकलेल्या वारकऱ्याचीही तीच गत होते. प्रत्येक शाळेत एक-दोन वर्ग अशा यात्रेकरूंसाठी राखून ठेवणे आणि तशी पाटी दर्शनी भागी लावणे फारसे अवघड नाही.

येथे गावाचे कर्तव्य सुरू होते. वारी निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीने गावातून जाणाऱ्यांची यादी करावी. एकट्या निघालेल्यांना परिचयाच्या दिंडीशी जोडून द्यावे. प्रत्येकाजवळ नाव, गाव, दिंडीचा क्रमांक, पुण्यातील मुक्कामाचा पत्ता, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक आणि चालू औषधांची नावे लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावा. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मनावर घेतल्यास हे काम एका दिवसात होते. शासनाने २०२४ च्या अर्थसंकल्पात पंढरपूरच्या वारीतील दिंड्यांसाठी प्रत्येकी वीस हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले होते. परंतु हा कागद देण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

२०२० व २०२१ या दोन वर्षी कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी. बसने पंढरपुरास गेल्या आणि पुण्याच्या पेठांतील ती दोन रात्रींची गजबज थांबली. २०२२ मध्ये वारी पुन्हा निघाली, तेव्हा दिंड्या आपल्या नेहमीच्या जागी आल्या आणि यजमान दारात उभे होते. जागा बदलतील, वाड्यांच्या ठिकाणी शाळा येतील, शाळांच्या ठिकाणी उद्या आणखी काही येईल; परंतु दारी आलेल्या अनोळखी माणसास ‘माउली’ म्हणून आत घेण्याची रीत टिकली, तर दोन रात्रींच्या या पाहुण्यांना पुण्यात निवाऱ्याची आणि अन्नाची वाण पडणार नाही. त्या रीतीला नियोजनाची जोड देणे, एवढेच शासन, शाळा आणि पंचायत यांच्याकडून अपेक्षित आहे.